घरी ऑईल बदललं आणि फिल्टरपाशी गळतंय? पाना उचलायच्या आधी हे तपासा

रविवारी घरी ऑईल बदललं आणि सोमवारी पार्किंगच्या फरशीवर डाग, ही तक्रार माझ्याकडे वर्षभर येते. खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात तर जास्तच, कारण तेव्हा कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या हातात पाना असतो. दुरुस्ती बहुतेक वेळा चहा-वड्याच्या पैशांत होते. ती महाग होते ती "अजून थोडं आवळून बघू" या एका विचारामुळं.

लक्षणं

तुमची गाडी यातल्या कशात बसते ते बघा. पुढं कुठून सुरुवात करायची ते त्यावरच ठरतं.

- गाडी रात्रभर उभी होती, सकाळी खाली रुपयाएवढे दोन-चार डाग. इंजिन चालू असताना मात्र काही पडताना दिसत नाही.
- इंजिन चालू केलं की फिल्टरच्या कडेनं ऑईल ओघळतं, बंद केलं की थोड्या वेळात थांबतं.
- सकाळच्या पहिल्या स्टार्टला गळतं, इंजिन गरम झाल्यावर कमी होतं किंवा थांबतंच.
- खाली थेंब नाही, पण सिग्नलला थांबल्यावर बोनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो, कधी बारीक धूर दिसतो.
- चालू करताच भसकन धार लागली.

शेवटचं लक्षण असेल तर वाचत बसू नका, इंजिन बंद करा. बंद गाडीवर पुढच्या तपासण्या सावकाश होतील.

दाब कुठं आहे ते आधी समजून घ्या

इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये साठलेल्या ऑईलवर दाब नसतो, ते नुसतं पडून असतं. पंप ते उचलतो, आधी फिल्टरात ढकलतो आणि तिथून ते बेअरिंगांकडं जातं. म्हणजे ड्रेन बोल्ट (चेंबरच्या तळाचा, जुनं ऑईल सोडायचा बोल्ट) बिनदाबाच्या बाजूला आणि फिल्टर दाबाच्या बाजूला. गरम इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना हा दाब साधारण १ बारच्या आसपास असतो, रेस दिली की ३-४ बारवर जातो. थंड, घट्ट ऑईल असताना पहिल्या स्टार्टला तो आणखी वर असतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, कारच्या टायरमधली हवा २ बारच्या थोडी वर असते.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी. उभ्या गाडीतून रात्रभर थेंब-थेंब पडत असेल तर पहिला संशय ड्रेन बोल्टवर, नाहीतर काम करताना सांडलेल्या ऑईलवर. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर संशय फिल्टरवर किंवा त्याच्या आसपासच्या दाबाच्या भागांवर. आणि फिल्टरपाशी गळलं तर ते नुसतं ठिबकत नाही, पंप ते बाहेर ढकलत असतो. ड्रेन बोल्टचा थेंब चार दिवस चालवून घेता येतो. फिल्टरची गळती मात्र थेंबावरून धारेवर कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून ती उद्यावर टाकू नये.

१. ते इंजिन ऑईलच आहे का? आणि जुनं की नवं?

फुकटातली तपासणी, आणि बरेच जण हीच सोडून देतात. गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. साडीच्या नाहीतर मिठाईच्या खोक्याचा असला तरी चालतो. अर्ध्या तासानं डाग बघा, बोटानं चोळा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. एप्रिल-मे महिन्यात ते पडायलाच पाहिजे. हिरवट किंवा गुलाबी आणि चिकट असेल तर कूलंट. लालसर आणि पातळ असेल तर पॉवर स्टेअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. ही वेगळी दुखणी आहेत, त्यांचा फिल्टरशी संबंध नाही.

इंजिन ऑईलच असेल तर रंग बघा. पेट्रोल गाडीत नवीन ऑईल पहिले काही दिवस सोनेरी असतं. पुठ्ठ्यावर काळा डाग पडला असेल, तर ते बहुधा तुम्ही फिल्टर काढताना सांडलेलं जुनंच ऑईल आहे, कुठल्या तरी कोपऱ्यातून निथळतंय. सोनेरी डाग असेल तर ती खरी, चालू गळती. डिझेल गाडीत ही युक्ती चालत नाही, कारण नवं ऑईलही एक-दोन फेऱ्यांतच काळं होतं.

पावसाळ्यात एक घोटाळा ठरलेला. पार्किंग ओली असली की ऑईलचा एक थेंब हातभर पसरतो, त्याच्यावर इंद्रधनुष्यी तवंग येतो आणि सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवतात. डागाच्या आकारावरून गळती किती हे ठरवू नका. ते डीपस्टिकवरून, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीवरून ठरवायचं.

२. पुसा, पावडर मारा, बघा

बऱ्याच गाड्यांत फिल्टर आडवा किंवा तिरका बसलेला असतो. तो सैल केला की आतलं ऑईल मनगटावरून, क्रॉस मेंबरवरून (इंजिनखालचा आडवा दांडा), कधी सायलेन्सरच्या पाइपवरून ओघळतं. प्लास्टिकचं अंडरकव्हर असेल तर त्यात साठतं आणि फिल्टरपासून दोन फूट मागं एखाद्या भोकातून पडतं. असं सांडलेलं ऑईल आठवडाभर निथळू शकतं. अशा गाडीत गळती नसतेच, फक्त नीट पुसलेलं नसतं.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना फिल्टर, त्याची बैठक (इंजिनवर तो टेकतो ती सपाट जागा), ड्रेन बोल्ट आणि चेंबरचा तळ फडक्यानं पुसा. मग ब्रेक क्लीनर किंवा डिग्रीझर मारून कोरडं करा. पेट्रोलनं धुऊ नका. बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ आणि शेजारी कुणाची तरी पेटलेली बिडी, एवढं पुरे होतं. अंडरकव्हर निघत असेल तर काढून आतून पुसा.

सगळं कोरडं झालं की अंगाला लावायची साधी पावडर कापडात बांधून फिल्टरच्या वरच्या कडेवर आणि ड्रेन बोल्टभोवती थोपटा. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा, बंद करा आणि मोबाईलचा फ्लॅश लावून फिल्टरच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ घ्या. हात जात नाही तिथं मोबाईल जातो. फक्त चालू इंजिनात पट्ट्या आणि पंखा यांच्याजवळ हात नको. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ लगेच कळते. ती कुठं सुरू होते ते बघायचं, कुठं संपते ते नाही. ऑईल खालीच येणार. फिल्टरच्या बुडाला लोंबणारा थेंब फिल्टरचाच असेल असं नाही.

रेघच नाही? मग गाडी चालवा, दोन दिवसांनी पुन्हा बघा. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्या इथंच परत जातात.

३. डीपस्टिक आणि वरचं झाकण

सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पट्टी बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेपाशी पाहिजे. डबा साडेतीन लिटरचा मिळतो म्हणून साडेतीनही ओततात, गाडीला मात्र लागतं त्याहून कमी. ऑईल जास्त झालं की फिरती क्रँक ते घुसळून फेस करते, आतला दाब वाढतो आणि एरवी कोरड्या असलेल्या जुन्या सीलांतून ते बाहेर पाझरायला लागतं. दोष फिल्टरवर येतो. जास्त असेल तर तेवढं काढा. वरून सक्शनच्या नळीनं निघालं तर ड्रेन बोल्टला हात लावायचीही गरज नाही.

ऑईल भरायचं वरचं झाकणही बघा. त्याची रबरी रिंग दुमडली असेल किंवा झाकण अर्धवट बसलं असेल, तर ऑईल इंजिनच्या अंगावरून ओघळत थेट फिल्टरवर येतं. ओतताना सांडलेलंही तिथूनच उतरतं.

४. फिल्टर हातानं हलवून बघा

इंजिन थंड. फिल्टरवरचं तेल पुसून कोरड्या फडक्यानं धरा आणि बसवायच्या दिशेनं हातानं फिरवा. सहज फिरला तर तो सैल होता. तेलकट हातानं आवळल्यावर हे नेहमी होतं, हात घसरतो आणि आपल्याला वाटतं घट्ट झालं.

किती आवळायचा? बहुतेक डब्याच्या फिल्टरांवर (पत्र्याच्या डब्यासारखा, अख्खा फिरवून बसवायचा फिल्टर) किंवा खोक्यावर छापलेलं असतं. साधारण नियम असा, की रबरी रिंग बैठकीला टेकली की तिथून पुढं पाऊण फेरा, फक्त हातानं. काही फिल्टरांना अर्धा, काहींना एक फेरा सांगितलेला असतो. तुमच्या डब्यावर जे छापलंय ते खरं. रिंग टेकली त्या क्षणी फिल्टरवर आणि इंजिनवर समोरासमोर मार्करनं रेघ मारा, म्हणजे फेरा मोजता येतो, अंदाजावर जात नाही.

इथं माझा नेहमीचा संवाद असतो. "काका, लई आवळलंय, साखळी पाना लावून आवळलंय, तरी गळतंय." मी म्हणतो, म्हणूनच गळतंय. ही रिंग प्रेशर कुकरच्या रिंगेसारखी आहे. ती जागेवर सपाट बसली आणि बेताची दाबली गेली की काम करते. जोर वाढवला म्हणून जास्त अडवत नाही. फार दाबली की खोबणीतून एका बाजूला सरकते, तिची कड बाहेर डोकावते आणि तिथूनच ऑईल येतं. वर पुढच्या वेळी तो फिल्टर निघत नाही, मग डब्यात स्क्रू-ड्रायव्हर ठोकून फिरवायची वेळ येते, आणि त्या धांदलीत बैठकीला ओरखडा पडतो. साखळी पाना फिल्टर काढायला असतो, बसवायला नाही.

हातानं आवळून थांबलं तर ठीक. आधीच घट्ट असून गळत असेल तर आणखी आवळू नका, सरळ सहाव्या तपासणीला जा. सहावी जरा कष्टाची आहे, म्हणून मध्ये बोल्टचं उरकून घेऊ.

५. ड्रेन बोल्ट आणि त्याचा वॉशर

उभ्या गाडीतून गळतंय आणि पावडर बोल्टभोवती भिजलीय, तर गुन्हेगार बहुधा वॉशर. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वॉशर एकदा दाबला गेला की त्याच्यावर बोल्टाची खूण उमटते, आणि दुसऱ्यांदा तो तसा बसत नाही. नवा दहा-वीस रुपयांना मिळतो. बदलायचा म्हणजे ऑईल पुन्हा काढावं लागेल, पण कालचंच आहे, स्वच्छ भांड्यात झेललं तर परत भरता येतं. भांडं खरोखर स्वच्छ पाहिजे. अंगणातली घमेली नको.

जुना वॉशर चेंबरलाच चिकटून राहतो आणि नवा त्याच्यावर चढतो, असं फार वेळा होतं. नखानं खरवडून बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की गळणारच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतले जुने फिटर तांब्याचा वॉशर गॅसच्या ज्योतीवर लाल करून थंड करतात. तांबं त्यानं पुन्हा मऊ होतं आणि वॉशर एकदा तरी परत वापरता येतो. रविवारी दुकानं बंद असली तर हा उपाय कामाला येतो. पण तो फक्त तांब्यासाठी. ॲल्युमिनियमचा वॉशर ज्योतीवर धरलात तर तो लाल व्हायच्या आधीच वितळेल.

बोल्ट आवळताना पान्याला पाइप लावून लांबी वाढवू नका. पुष्कळ गाड्यांचा चेंबर ॲल्युमिनियमचा असतो, बोल्ट लोखंडी. या भांडणात आटे चेंबरचेच जातात. मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते माप, दिलेला असतो, कुणाचा तरी टॉर्क पाना मागून आणा. आवळताना बोल्ट घट्ट होता होता एकदम मऊ लागला आणि नुसता फिरायला लागला, तर तिथंच हात थांबवा. आटे गेले. टेफ्लॉन टेप, एम-सील, फेव्हिक्विक यातलं काहीही लावू नका. टेपचे तुकडे सुटून आत पंपाच्या जाळीला जाऊन बसतात. हे काम मशीनवाल्याचं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

६. फिल्टर उतरवून बघा: दोन रिंगा

ज्यांच्या गाडीला पहिल्याच स्टार्टला भसकन धार लागली, त्यांनी आधी इथं बघायचं.

जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. हजारो किलोमीटर गरम होऊन ती बैठकीवर भाजून बसलेली असते. रिंग काळी, इंजिन काळं, वर काळं ऑईल. गाडीखाली उताणं पडून बघितलं तर दिसत नाही. नवा फिल्टर त्या जुन्या रिंगेवर बसतो. हाताला घट्ट लागतो. आयडलला बऱ्याचदा गळतही नाही. मग गाडी रस्त्याला लागते, रेस वाढते, दाब वाढतो आणि दोन रबरांमधली एक रिंग सरकून बाहेर पडते. त्यानंतर इंजिनातलं सगळं ऑईल रस्त्यावर यायला काही मिनिटं पुरतात. हे गगनबावड्याच्या घाटात झालं तर काय, याचा विचार करा.

तपासणी अशी. जॅकवर गाडी उचलली असेल तर खाली स्टँड लावल्याशिवाय आत जाऊ नका. जॅक उचलायला असतो, तोलून धरायला नाही. विटा, सिमेंटचे ब्लॉक स्टँडच्या जागी लावू नका, ते भार आल्यावर अचानक फुटतात. इंजिन थंड आहे ना, सायलेन्सरला हात लावून खात्री करा. खाली भांडं ठेवा, फिल्टर उतरवा. त्यात मावेल तेवढं ऑईल पडेल. लहान गाडीत ते पाव लिटरच्या आसपास असतं.

आता उतरवलेल्या फिल्टरच्या तोंडाकडं बघा, रिंग एकच आहे का. मग इंजिनवरची बैठक फडक्यानं पुसा आणि बोट गोल फिरवा, पूर्ण वर्तुळ. नुसतं डोळ्यानं बघू नका. बोटाला धातूचा गार, सपाट पृष्ठभाग लागला पाहिजे. मध्येच कुठं मऊ, उंचवट्यासारखं लागलं तर जुनी रिंग किंवा तिचा तुकडा तिथं आहे. नखानं किंवा लाकडी काडीनं काढा. स्क्रू-ड्रायव्हर, ब्लेड नको. बैठकीवरचा एक आडवा ओरखडा ही कायमची गळती आहे.

म्हणून पुढच्या वेळी जुना फिल्टर उतरवला की आधी त्याची रिंग त्याच्यावरच आहे ना ते बघायचं. नसेल तर ती कुठं आहे हे तुम्हाला आता माहीत आहे.

फिल्टर परत बसवताना त्याची रिंग तपासा. चीर, चपटेपणा, एका बाजूला ओढल्यासारखी दिसली तर फिल्टर नवा घ्या. एकदा जोरानं आवळलेला फिल्टर परत वापरण्यात वाचतात दीड-दोनशे रुपये, आणि पणाला लागतं इंजिन. नव्या रिंगेवर स्वच्छ ऑईलचं बोट फिरवा. कोरडी रिंग बैठकीला घासून गुंडाळली जाते, ऑईल लावलेली सरकत जागेवर बसते. ग्रीस, सिलिकॉन, गॅसकिटची पेस्ट यातलं काही लावायचं नाही. पेस्टचा बाहेर आलेला गोळा सुटला तर तो ऑईलच्या बारीक वाटा बंद करतो.

७. फिल्टर नेमका तोच आहे का?

"दिसायला तसाच आहे, बसतोय पण" हे दुकानात नेहमी ऐकू येतं. बसणं आणि जुळणं यांत फरक आहे. फिल्टरांच्या आट्यांचे दोन माप फार चालतात: एम२० × १.५ आणि ३/४ इंच, इंचाला १६ आटे. पहिल्याचा व्यास २० मिलिमीटर, दुसऱ्याचा १९.०५. आट्यांतलं अंतरही जवळपास सारखं, १.५ आणि १.५९ मिलिमीटर. त्यामुळं एम२० चा फिल्टर ३/४ इंचाच्या स्टडवर (इंजिनमधून बाहेर आलेली, फिल्टर चढवायची आट्यांची नळी) चढतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड वरवरची असते. दाब आला की गळतो, आणि वाईटात वाईट म्हणजे आटे सोडून निखळतो.

जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवा: रबरी रिंगेचा व्यास, मधल्या भोकाचे आटे आणि खोक्यावरचा पार्ट नंबर. डब्याची उंची थोडी कमी-जास्त असली तर एवढं बिघडत नाही. खोकं फाटलेलं, छपाई पुसट, किंमत निम्मी असा फिल्टर घेऊ नका. नकली फिल्टरात रिंगच्या खोबणीचा पत्रा वेडावाकडा असतो. बिल मागा. बिल द्यायला कुरकुर केली तर दुकान बदला, शहरात स्पेअर पार्टची दुकानं काही थोडी नाहीत.

फिल्टर चढवताना सुरुवातीचे आटे बोटांच्या हलक्या जोरानं गेले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला जोर लागला तर आटे वाकडे चढतायत. काढा, पुन्हा सुरू करा. मधला पोकळ स्टडही बघून घ्या. घट्ट बसलेल्या फिल्टरबरोबर कधीकधी तोही सुटून येतो किंवा इंजिनात सैल होतो. तो हातानं हलत असेल तर फिल्टर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

बसवल्यावर

ऑईल खुणेपर्यंत भरा. इंजिन चालू करा, रेस देऊ नका. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद. विझला तर एक-दोन मिनिटं आयडलला ठेवून खाली टॉर्च मारा. मग बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघून लागेल तेवढं ऑईल घाला, कारण नव्या फिल्टरनं आपल्यात ओढून घेतलेलं असतं. पहिली फेरी रंकाळ्यापर्यंतच. परत येऊन पुठ्ठ्यावर उभी करा. सकाळी पुठ्ठा कोरडा दिसला तर लांबच्या गावाला निघा.

बाईकवाल्यांसाठी थोडक्यात

पल्सर, बुलेट अशा गाड्यांत डब्याचा फिल्टर नसतो. झाकणाखाली कागदी फिल्टर असतो आणि गळती झाकणाच्या ओ-रिंगेतून होते. जुनी ओ-रिंग ताणलेली असते, ती खोबणीत बसता बसता एका ठिकाणी बाहेर येते आणि झाकणाखाली चिमटते. नव्या फिल्टरबरोबर नवी ओ-रिंग येते, ती फेकून जुनीच परत बसवणारे महाभाग आहेत. झाकणाचे बोल्ट एकदम एकेक पूर्ण आवळायचे नाहीत, थोडे थोडे आळीपाळीनं. हे बारीक बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असतात, मनगटाच्या जोरानं आटे जातात. फिल्टरची बाजू आणि स्प्रिंग उलटी बसली तर गळती होत नाही, पण इंजिनला ऑईल मिळत नाही. ते गळतीपेक्षा वाईट. काढतानाच मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा.

इथं थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

घरच्या दुरुस्तीची हद्द कुठं संपते ते सरळ सांगतो.

चालू गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला, तर जिथं आहात तिथं बाजूला घेऊन बंद करा. "घर दोनच किलोमीटर आहे" म्हणून चालवलेल्या गाडीचं इंजिन उघडायला लागतं आणि तो खर्च हजारांत जातो. गाडी टो करून न्या.

गरम सायलेन्सरवर ऑईल पडून धूर येत असेल तर चालवू नका, आग लागू शकते.

ड्रेन बोल्टचे आटे गेले असतील तर गाडी शिवाजी उद्यमनगरात मशीनवाल्याकडं पोहोचवा. तिथं चेंबर काढून नवे आटे पाडतात किंवा आट्यांचा इन्सर्ट बसवतात. या शहरानं पिढ्यान्‌पिढ्या ऑईल इंजिनं बनवली आहेत, हे काम तिथं कुणाला नवं नाही. चेंबर न काढता जागेवरच टॅप मारून (आटे पाडून) देतो म्हणणाऱ्याला मात्र विचारा, धातूचा कीस आत पडणार नाही याची काय व्यवस्था आहे.

फिल्टर बदलला, बैठक स्वच्छ, रिंग एकच, तरी पावडरीवरची रेघ फिल्टरच्या वरून सुरू होतेय? मग फिल्टरचा दोष नाही. शेजारचा ऑईल प्रेशरचा स्विच पाझरत असेल, फिल्टरच्या हाउसिंगचं गॅसकिट गेलं असेल, डिझेल गाडीत ऑईल कूलरची सील गेली असेल, किंवा टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) उतरत असेल. स्विच बदलणं सोपं आहे, पण बाकीचं घरी करायचं काम नाही. कूलरच्या बाबतीत कूलंटच्या टाकीत तेलकट थर किंवा डीपस्टिकवर दुधाळ तपकिरी ऑईल दिसलं, तर गाडी त्या दिवसापासून चालवायची नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून गळत असेल तर मागची क्रँक सील. गिअरबॉक्स उतरल्याशिवाय ती दिसतही नाही. बैठकीवर ओरखडा असेल, स्टड सैल असेल, तरी मिस्त्रीच. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच न करता सर्व्हिस सेंटरला न्या, आणि फिल्टरचं बिल बरोबर ठेवा.

जाताना काय न्यायचं

काढलेला जुना फिल्टर, नव्याचं खोकं, बिल, ऑईलच्या डब्यावरचा ग्रेड आणि मोबाईलमधले व्हिडिओ. कधी गळतं तेही सांगा: उभ्या गाडीतून, चालू असताना, की फक्त सकाळी.

काढलेलं जुनं ऑईल रिकाम्या कॅनमध्ये भरून त्याच गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते गोळा करून नेणारे असतात. वापरलेलं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतलंत तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं.

आणि गाडी नेण्याआधी इंजिन धुऊ नका. पावडरीवरची ओली रेघ तशीच राहू दे. ती बघितली की मिस्त्रीचा शोधाशोधीचा वेळ वाचतो आणि तुमची तेवढी मजुरी.